मधमाशीच्या पोटातले विरजण

मधमाशी म्हटली की आपल्याला आधी मध आठवतो आणि मग डंख. शाळेच्या पुस्तकात तिचा उद्योगीपणा असतो, सहकारावरच्या भाषणात तिचे पोळे असते. तिचे पोट मात्र कुठेच नसते. आज मी त्या पोटाविषयी बोलणार आहे. मी आयुष्यभर महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. पण मधमाशीच्या पोटाकडे माझे लक्ष गेले ते अभ्यासामुळे नव्हे, तर माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे. म्हणून आधी ती चूक सांगतो.

सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागात माझे मावसभाऊ राहतात. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. घरामागच्या उतारावर त्यांच्या सातेरी माश्यांच्या दहा-बारा पेट्या असत. १९९० च्या दशकात एकदा पावसाळा संपता संपता मी त्यांच्याकडे गेलो होतो. दादांनी एका पेटीचे झाकण काढले आणि पिलाव्याची चौकट उचलून माझ्यासमोर धरली. पिलावा म्हणजे पोळ्यातील अंडी, अळ्या आणि कोष. निरोगी अळी मोत्यासारखी पांढरी असते. इथे कित्येक अळ्या पिवळट पडून आपल्या घरातच लोळागोळा झाल्या होत्या. चौकटीला आंबूस वास येत होता.

"काय मास्तर, जंतूंचा प्राध्यापक ना तू? मग सांग हे काय झालंय," दादा म्हणाले.

मला बरे वाटले. आपल्या विद्येचा घरच्या माणसाला उपयोग होतो, याचा आनंद वेगळाच असतो. मी ऐटीत सांगितले, "दादा, हा जिवाणूंमुळे होणारा अळ्यांचा रोग आहे. जंतू आहे तर जंतूवरचं औषध द्या, म्हणजे झालं." औषधाच्या दुकानातून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आणल्या, साखरेच्या पाकात औषध मिसळले आणि ते पेटीत ठेवले. थोड्याच दिवसांत वास गेला. दादांनी गावभर माझे कौतुक केले.

पुढच्या वर्षी रोग नव्हता. तरीही पावसाळ्याच्या तोंडावर दादांनी साऱ्याच पेट्यांना तो पाक दिला. का, तर सावधगिरी म्हणून. मला ते कळले होते आणि मी गप्प बसलो. हा क्रम तीन-चार वर्षे चालला. त्यानंतर पेट्या एकेक करून खचत गेल्या. माश्या कमी दिसू लागल्या, मध उतरेना. अखेर चारच पेट्या उरल्या. वसाहत खचण्याची कारणे पुष्कळ असतात. चारा कमी पडतो, पाऊस लांबतो, किडी लागतात. तेव्हा सारा दोष त्या औषधाला देणे शास्त्राला धरून होणार नाही. पण त्या पाकाचा यात काहीच हात नव्हता, असे म्हणण्याचे धाडस आज मला होत नाही. ते का होत नाही, हेच आता सांगतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मधमाशीच्या पोटात जिवाणू असतात म्हटले की ऐकणाऱ्याचा हात मधाच्या बरणीवरून मागे येतो. तसे काही कारण नाही. माशी फुलातला मकरंद साठवते ती पिशवी आतड्याच्या सुरुवातीला असते. मध तयार होतो तो या पिशवीतल्या मकरंदापासून. तिथे जिवाणूंची वस्ती फारच थोडी असते. त्यांची खरी वसाहत असते ती आतड्याच्या शेवटच्या भागात. पूर्ण वाढलेल्या कामकरी माशीच्या आतड्यात त्यांची संख्या शंभर कोटींच्या घरात जाऊ शकते. एवढ्याशा जिवाच्या पोटात जवळजवळ आपल्या देशाच्या लोकसंख्येइतकी गर्दी!

पण ही गर्दी बेशिस्त नाही. माणसाच्या आतड्यात जिवाणूंच्या शेकडो जाती नांदतात. मधमाशीच्या आतड्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक जिवाणू मात्र अवघ्या आठ-नऊ गटांतले असतात, आणि त्यांतले पाच गट तर जगातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढ कामकरी माशीत सापडतात. माशी अमेरिकेतली असो की युरोपातली, पोटातले बिऱ्हाड तेच. हे बहुतेक संशोधन मेलिफेरा या पाश्चात्त्य माशीवर झाले आहे. १९६० च्या दशकात ती आपल्या देशात स्थिरावली आणि आज व्यापारी मधमाशीपालनात तिचाच वापर मोठ्या प्रमाणावर होतो. आपल्या सातेरीच्या पोटातही याच कुळांतले जिवाणू असतात. फक्त त्यांच्या वाणांची विविधता मेलिफेराच्या मानाने कमी असते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले.

या जिवाणूंपैकी दोघांची ओळख करून घेऊ. एकाचे नाव स्नॉडग्रासेला आणि दुसऱ्याचे गिलियमेला. अमेरिकेतील संशोधिका नॅन्सी मोरान आणि त्यांचे सहकारी वाल्डन क्वाँग यांनी ही नावे दिली. ते वर्णन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मधमाशीच्या शरीररचनेवर मोठा ग्रंथ लिहिणारे कीटकशास्त्रज्ञ रॉबर्ट स्नॉडग्रास यांची आठवण म्हणून पहिले नाव दिले गेले. दुसरे आहे मार्था गिलियम यांच्या सन्मानार्थ. या बाईंनी अॅरिझोनातील टूसॉन येथे मधमाश्यांबरोबर राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, तोही जेव्हा या विषयाकडे फारसे कुणी वळत नव्हते तेव्हा.

या दोघांचा संसार पाहण्यासारखा आहे. स्नॉडग्रासेला आतड्याच्या भिंतीला चिकटून बसतो. गिलियमेला त्याच्यावर थर करून राहतो. स्नॉडग्रासेलाला साखर खाता येत नाही. माशीच्या आहारात तर साखरेचाच वाटा मोठा. तरी तो उपाशी राहत नाही. गिलियमेला साखर आंबवतो आणि त्यातून जी आम्ले बाहेर पडतात, त्यांवर स्नॉडग्रासेला जगतो. त्याच्या मोबदल्यात तो भिंतीतून झिरपणारा प्राणवायू वापरून टाकतो. त्यामुळे आतल्या भागात प्राणवायू जवळजवळ उरत नाही आणि ज्या जिवाणूंना तो सोसत नाही, त्यांचे फावते. आतड्याच्या अगदी टोकाला लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम या कुळांतले जिवाणू असतात. ही नावे आपल्याला दह्याच्या डब्यावरून परिचयाची आहेत.

या भाडेकरूंकडून माशीला काय मिळते? माशीची भाकरी म्हणजे मध आणि कालवण म्हणजे परागकण. शरीर घडवणारी प्रथिने मिळतात ती परागातून. पण परागकणाचे कवच भक्कम असते आणि त्याच्या आतल्या भिंतीत पेक्टिन असते. पेरूची जेली घट्ट होते ती ज्याच्यामुळे, तेच हे पेक्टिन. ते तोडण्याची विकरे गिलियमेलाच्या काही वाणांकडे असतात. काही वाण तर मॅनोज नावाची साखरही पचवतात. ही साखर मधमाशीला चक्क विषासारखी बाधते. म्हणजे माशीच्या ताटात जे तिला चालत नाही, ते तिचा पोटातला सोबती खाऊन टाकतो.

हे कसे कळले, तेही सांगण्याजोगे आहे. संशोधक पोळ्यातून पक्व कोष काढून घेतात आणि निर्जंतुक डब्यात, उबदार ठिकाणी ठेवतात. त्यांतून बाहेर पडणाऱ्या माश्यांच्या पोटात जवळजवळ काहीच जिवाणू नसतात. अशा काही माश्यांना निर्जंतुक पराग आणि पाक देतात. काहींना त्याबरोबर पोळ्यातल्या माशीच्या आतड्यातील अंशही देतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात, जिवाणू मिळालेल्या माश्यांचे वजन अधिक वाढले. खाणे दोघींपुढे सारखेच ठेवलेले, पण अंगी लागले ते एकीच्या.

आता मुख्य गोष्ट. हे जिवाणू माशीला जन्मतः मिळत नाहीत. मेलिफेराची कामकरी माशी अंड्यापासून एकविसाव्या दिवशी कोषातून बाहेर पडते. कोषात जाताना अळीच्या आतड्याचे अस्तर गळून जाते आणि नव्या माशीचे पोट रिकामे असते. ती घराचे झाकण कुरतडून बाहेर येते, पोळ्यावर वावरते, थोरल्या बहिणींच्या अंगाला अंग घासते, त्यांच्या विष्ठेचा अंश नकळत तिच्या तोंडात जातो. चार ते सहा दिवसांत तिच्या पोटातले बिऱ्हाड पूर्ण थाटले जाते. राणीमाशीकडून हे देणे मिळत नाही. तिच्या पोटातली वस्तीच वेगळी असते. हे देणे मिळते ते कामकरी बहिणींकडून.

आपल्या घरातले विरजण आठवा. काल लावलेल्या दह्यातला चमचाभर ठेवायचा, त्यातून आजचे दही लावायचे. आजीच्या काळापासून चालत आलेले असते ते. मधमाश्यांचे तसेच आहे. वसाहतीतून थवा बाहेर पडतो तेव्हा जुन्या राणीबरोबर हजारो कामकरी माश्या जातात आणि आपल्या पोटात हे विरजण घेऊन जातात. मधमाश्या, भुंग्यासारख्या दिसणाऱ्या केसाळ बंबल माश्या आणि डंख नसलेल्या माश्या यांच्या पोटांतील जिवाणूंची वंशावळ तपासल्यावर असे दिसते की, हा वारसा त्यांच्या समान पूर्वजापासून, म्हणजे सुमारे आठ कोटी वर्षांपासून चालत आला आहे. हिमालय उभा राहण्याच्याही आधीपासून.

इतका जुना सहवास असल्यावर नातेही घट्ट असणार. बंबल माशीच्या पोटातील स्नॉडग्रासेला मधमाशीच्या पोटात रुजत नाही आणि मधमाशीचा बंबल माशीत रुजत नाही. दादांना हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "मग पेटीत ताक ठेवू का रे?" मी हसलो, पण प्रश्न योग्य होता. उत्तर नाही असे आहे. आपल्या दह्यातले जिवाणू हे माशीचे सोबती नव्हेत. नाव सारखे असले म्हणून शेजारचा माणूस आपल्या घरचा होत नाही.

या वारशाचा आणखी एक उपयोग २०२० मध्ये पुढे आला. पोळ्याच्या दारावरच्या राखणदार माश्या वासावरून आपले-परके ओळखतात. हा वास येतो अंगावरच्या मेणचट थरातून. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले की, हा वास कसा असावा हे ठरण्यात पोटातील जिवाणूंचा वाटा असतो. सख्ख्या बहिणींना वेगवेगळे जिवाणू मिळाले, तर त्यांची ओळखही वेगळी होते.

एवढे समजल्यावर टेट्रासायक्लिनच्या त्या पाकाकडे पुन्हा पाहू. ते औषध अळ्यांच्या रोगजंतूला मारते हे खरे. पण ते भांडणात कुणाची बाजू घेत नाही. रोगजंतू आणि सोबती, दोघेही जिवाणूच. २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठात मोरान यांच्या गटाने शेकडो माश्यांना टेट्रासायक्लिन घातलेला पाक दिला, त्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके दिले आणि त्यांना पोळ्यात परत सोडले. काही माश्यांना नुसताच पाक दिला होता. तीन दिवसांनी शोध घेतला तेव्हा औषध मिळालेल्या माश्या लक्षणीयरीत्या कमी सापडल्या. त्यांच्या आतड्यातील वस्ती विरळ झाली होती आणि आठवडा उलटला तरी तिची घडी पूर्ववत बसली नव्हती. 'सेराशिया' नावाचा एक संधिसाधू जिवाणू अशा माश्यांना दिला, तर त्या इतरांपेक्षा अधिक संख्येने मेल्या. घरातली माणसे हाकलून दिली की ओसरीवर चोर येऊन बसतो, तसे हे झाले.

दुसरा धोका सावकाशीचा आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून ऑक्सिटेट्रासायक्लिन मधमाश्यांना दिले जात होते. २०१२ मध्ये तिथल्या माश्यांच्या पोटातील जिवाणू तपासले, तेव्हा त्यांच्यात या औषधाला दाद न देणारी अनेक जनुके साठलेली दिसली. ज्या देशांत असे औषध देण्याची पद्धत नव्हती, तिथल्या माश्यांत ती फारच कमी होती. अशी जनुके जिवाणू एकमेकांना देऊ शकतात. अमेरिकन फाउलब्रूड या अळ्यांच्या अधिक भयंकर रोगाचा जंतूही त्या देशात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून या औषधाला जुमानेनासा झाला. त्याची बीजरूप अवस्था तर दशकानुदशके टिकते आणि औषधाने मरतच नाही. औषधाने लक्षणे झाकली जातात, रोग पेटीत तसाच राहतो. म्हणूनच अनेक देशांत अशी रोगट वसाहत जाळून टाकतात. जानेवारी २०१७ पासून अमेरिकेत पशुवैद्यकाच्या सूचनेशिवाय मधमाश्यांना अशी प्रतिजैविके देता येत नाहीत.

आपल्या ताटाशीही याचा संबंध आहे. पेटीत दिलेल्या औषधाचा अंश मधात उतरू शकतो. २०१० मध्ये युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात थांबवली होती. औषधांच्या अवशेषांवर नीट देखरेख नाही, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. पुढे २०११ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. एका मधपाळाच्या चिमूटभर सावधगिरीची झळ दुसऱ्या हजारोंना लागू शकते, ती अशी.

केवळ औषधांनीच ही वस्ती उठते असे नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. ते वनस्पतींमधील एका विकरावर घाव घालते. प्राण्यांमध्ये ते विकर नसते. पण स्नॉडग्रासेलात ते असते. २०१८ च्या एका अभ्यासात, ग्लायफोसेट पोटात गेलेल्या तरुण माश्यांमध्ये स्नॉडग्रासेलाची संख्या घटली आणि त्या सेराशियाला लवकर बळी पडल्या. माशीला थेट न मारणारे रसायनही तिच्या सोबत्याला मारून तिला दुबळे करू शकते, हे यातून शिकायचे.

शास्त्रज्ञ आता एक पाऊल पुढे गेले आहेत. २०२० मध्ये टेक्सासमध्येच स्नॉडग्रासेलात जनुकीय बदल करून, पंख वेडेवाकडे करणाऱ्या विषाणूपासून आणि व्हरोआ नावाच्या परजीवी कोळ्यापासून माशीचे रक्षण करता येते, असे प्रयोगशाळेत दाखवले गेले. पोटातला सोबतीच वैद्य झाला! पण ही झाली उद्याची गोष्ट. आपल्या गावच्या मधपाळाला आज जे हातात आहे ते जपायचे आहे.

ते जपायचे कसे? त्यासाठी फार मोठे शास्त्र लागत नाही. रोग नसताना औषध द्यायचे नाही. पेटी पावसाळ्यात कोरडी ठेवायची. जुनी काळी पडलेली पोळी बदलायची. कुठल्याही अनोळखी ठिकाणचा मध माश्यांना चारायचा नाही, कारण त्यातून रोग येतो. नुसत्या साखरेवर वसाहत जगवायची नाही, तिला पराग मिळेल अशी झाडे राखायची. आणि पिलाव्यात काही वेगळे दिसले, तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयात विचारायचे. माझ्यासारख्या नातेवाईक प्राध्यापकाला विचारायचे नाही!

गेल्या ऑक्टोबरात दादांच्या सूनबाईंचा फोन आला. आता पेट्या त्याच पाहतात. "भाऊजी, एका पेटीत अळ्या पिवळ्या पडल्यात. मामंजी म्हणतात ते औषध आणू का?" मी म्हटले, "वहिनी, आधी थांबा." या वेळी आम्ही जाणकारांना विचारले. त्यांच्या सांगण्यावरून रोगट चौकटी काढून नष्ट केल्या, उरलेली वसाहत कोरड्या, स्वच्छ पेटीत हलवली आणि थकलेली राणी बदलली. मग एका सशक्त पेटीतली पक्व पिलाव्याची चौकट तिच्यावरच्या माश्यांसकट या पेटीत दिली. नव्याने बाहेर पडणाऱ्या माश्यांना निरोगी बहिणींचा सहवास मिळावा, हा माझा त्यातला विचार.

युरोपियन फाउलब्रूड वसाहत सशक्त झाली आणि चारा मिळू लागला की पुष्कळदा आटोक्यात येतो. ही पेटीही सावरली. जांभूळ फुलला तेव्हा मी तिकडे गेलो होतो. दादा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ओसरीवर बसून ते पेटीच्या दाराकडे पाहत होते. पायांना परागाचे पिवळे गोळे लावून माश्या आत शिरत होत्या.

"मास्तर, औषध न देता बरी झाली की रे," ते म्हणाले.

"दादा, औषध तिच्या घरातच होतं," मी म्हटले, "मागच्या वेळी आपण ते ओतून दिलं."

दादा काही बोलले नाहीत. त्यांनी सूनबाईंना हाक मारली आणि माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितले.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)